घेण्यास नकार

मी मूळचा त्र्यंबकेश्वरचा, आणि हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या संतापाचं मूळ तिथं आहे. आमच्या घरी यात्रेकरूंना खोल्या भाड्यानं देत. वडील दारात उभे राहून आलेल्याला आधी विचारत, आंघोळीला पाणी कढत हवं की कोमट, गाव कुठलं हा प्रश्न दुसरा, आणि पावसात भिजून आलेला माणूस तेलंगणाचा असो नाहीतर गुजरातचा, त्याची पथारी कोरड्या कोपऱ्यात पडे आणि आम्ही भावंडं गळतीखाली सरकत असू. भाड्यानं राहणारा म्हणजे आपल्या छपराखालचा माणूस, ही व्याख्या मी तिथं शिकलो, कायद्याची पुस्तकं फार नंतर हातात आली.

नोकरीची सगळी वर्षं मी नाशिकच्या कोर्टात आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, तारीख घालायची, दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायची. काय सांगू तुम्हाला, पोच म्हणजे नुसता शिक्का नव्हे, एक माणूस आपलं म्हणणं घेऊन आला होता आणि कोणीतरी ते घेतलं, याची ती साक्ष असते. स्वतःचं घर मात्र झालं नाही, का झालं नाही ते असो, तो आजचा विषय नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी आणि पत्नी सुमन या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलो. फ्लॅटच्या मालकीणबाई इगतपुरीला शिक्षिका, मोठ्या सज्जन. समोरच्या दारात अन्सारी, मालेगावचे, शिवणकाम करतात. वरच्या मजल्यावर सुभेदार यादव, देवळाली कॅम्पातून निवृत्त झाले आणि गावी न जाता इथंच राहिले. खाली गावित, सुरगाण्याचे, एसटीत कंडक्टर. हे सगळे आमच्यासारखेच भाडेकरू. सकाळी जिन्यात चार घरच्या चार फोडण्यांचा वास येतो, मला तो आवडतो, सोसायटीचे सेक्रेटरी देवरे यांना तेव्हा आवडत नसे.

देवरे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, माणूस चोख, पार्किंगमध्ये वाळलं पानसुद्धा राहू देणार नाहीत. नवी लिफ्ट बसली आणि आठवड्यातच कोणाच्या तरी कपाटानं तिच्या पत्र्यावर ओरखडा उठला. कोणाच्या ते सिद्ध झालं नाही, पण देवऱ्यांनी सभेत ठराव करून घेतला की लिफ्ट चालवण्याचं कार्ड फक्त मालकांना मिळेल, भाडेकरूंनी जिना वापरावा. आणि सुमनचे दोन्ही गुडघे तोवर गेलेले होते.

तिला डॉक्टरांकडे न्यायचं झालं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि तिघांनी उचलायचं. गावित म्हणत, आजी, गच्च धरा, डबल बेल दिल्याशिवाय आपली गाडी हालणार नाय. अन्सारी म्हणत, भाभी, नीचे मत देखो, बस अन्सारीभाई को देखो, आणि सुभेदार कवायतीसारखे एक दो, एक दो करत. मी पुढं, हातात फाइल आणि पाण्याची बाटली. सुमन सगळ्यांसमोर हसत असे. एकदा वर आल्यावर मात्र पदरानं डोळे टिपत म्हणाली, अहो, मी लोकांना ओझं झाले हो, आता मी खाली उतरायची नाही. आणि खरंच उतरली नाही. महिनेच्या महिने. भाजी घ्यायची तर गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, तेवढाच तिचा बाजार.

मग मी लेखणी उचलली. चार पानी पत्र दिलं, लिफ्ट ही चैन नव्हे, पाणी आणि जिन्यातला दिवा यांच्याच रांगेतली आवश्यक सेवा आहे, असे कायद्याचे शब्द उतरवून दिले. उत्तर एका ओळीचं आलं. आपण संस्थेचे सभासद नाही, सबब पत्राची दखल घेता येत नाही. मी भडकलो. सहा पानी लिहिलं. तीच ओळ परत आली. आठ पानी लिहायला बसलो, तेव्हा गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसलेली सुमन म्हणाली, अहो, कोर्टात तुम्ही लोकांचे अर्ज परत करायचात ना, अर्जदाराचा या प्रकरणाशी संबंध काय म्हणून? मग तुमचा संबंध काय?

काय सांगू तुम्हाला, मी पेनाला टोपण घातलं. जन्मभर दुसऱ्यांना जी चूक दाखवली, तीच मी बारा आणे रागानं आणि चार आणे विद्वत्तेनं केली होती.

सभासद होत्या मालकीणबाई, त्यांना फोन केला. त्या पुढच्याच रविवारी इगतपुरीहून आल्या, मला अधिकारपत्र दिलं आणि मी लिहिलेल्या अर्जावर सही केली. अर्ज आता दीड पानाचा. तो पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं सोसायटीला धाडला. पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, घेण्यास नकार. पुन्हा धाडलं, पुन्हा नकार. तिसऱ्यांदाही तेच. पत्र घेतलंच नाही तर उत्तर देणं लागत नाही, असा त्यांचा हिशेब. अन्सारी म्हणाले, भाईसाब, अब फाड़ के फेंक दो. मी म्हटलं, फाडायचं तर नाहीच, उघडायचंसुद्धा नाही. उघडलेलं पाकीट म्हणजे नुसता कागद, बंद पाकीट म्हणजे पुरावा. तिन्ही पाकिटं सुमनच्या कपाटात पैठणीखाली ठेवली आणि मालकीणबाईंच्या नावानं सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार दाखल केली. पोच घेऊन.

सुनावणीला एक तरुण अधिकारी बाई होत्या. देवरे उभे राहून म्हणाले, मॅडम, या मालकीणबाईंचं एकही पत्र संस्थेला मिळालेलं नाही, मिळालं असतं तर आम्ही सहानुभूतीनं विचार केला असता. मी पिशवीतून तीन पाकिटं काढली आणि टेबलावर एकाशेजारी एक मांडली. बाईंनी शेरे वाचले, तारखा पाहिल्या आणि शांतपणे विचारलं, देवरे साहेब, तुम्ही बँकेत होता ना? कर्जदारांना धाडलेल्या नोटिसा अशा शेऱ्यानं परत आल्या की तुम्ही काय धरत होता? देवरे एक पाकीट उचलून त्यावरचा शेरा वाचत म्हणाले, मिळाल्या असंच धरत होतो.

बाईंनी पाकीट फोडून अर्ज मोठ्यानं वाचला. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, माझ्या घरात राहणारी एक बाई पाच महिने जमिनीवर आलेली नाही. त्या म्हणाल्या, लिफ्ट राहणाऱ्यांसाठी असते, कागदावरच्या नावासाठी नसते. लेखी आदेश निघाला, आठ दिवसांत प्रत्येक घराला कार्ड.

सातव्या दिवशी देवरे स्वतः कार्ड घेऊन दारात आले, सोबत रजिस्टर, काका, इथं पोच द्या. मी चष्मा लावून रजिस्टरचा मथळा वाचू लागलो, तर सुमन आतून नवी साडी नेसून, काठी टेकत आली आणि म्हणाली, अहो, सही करा आता, नाहीतर मीच अंगठा देते. मी सही केली. लिफ्टपाशी अन्सारी, सुभेदार, गावित आणि त्यांची घरची माणसं सगळी हजर. गावितांनी तोंडानं दोनदा टिंग टिंग केलं, सुमननं बटण दाबलं आणि दार बंद झालं. मी जिन्यानं धावलो, या वयात, आणि ती माझ्याआधी पोचली होती.

ती खुर्ची आता खाली पार्किंगमध्येच असते. रोज संध्याकाळी सुमन तिच्यावर बसते, शेजारी देवऱ्यांच्या सौभाग्यवती लसूण सोलत असतात, आणि देवरे मला म्हणतात, काका, महापालिकेला पाण्याबद्दल जरा कडक पत्र लिहून द्या ना. मी देतो. दीड पानाचं.

तुम्ही इतकं लिहून घेतलंत, तुमच्या डोक्यावर कायम छप्पर राहो, मालकीचं असो की भाड्याचं. एक प्रत मला पाठवा. मी घेईन आणि पोच देईन.