पाठीवरची थाप

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर यायचा होता. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल सुजला होता, पण तोंड थांबत नव्हतं.

"ताई, लॅबमध्ये तीन महिने खपले तेव्हा कुठे चांदीच्या दोन तारा जमल्या."

"तीन महिन्यांत दोन? सोनाराने तुला केव्हाच घरी बसवलं असतं."

"केसाच्या हजाराव्या भागाएवढी एक तार असते गं. नुसती बनवून भागत नाही, तिच्यातून वीज किती वाहते ते मोजायचं असतं. परवा पहिलीचा आकडा मिळाला."

"मग तोंड का पाडलंयस?"

"सर खूश झाले. मागून येऊन पाठ थोपटली."

"चांगलंच की."

"लोकरीचा स्वेटर घालून आले होते. तो काढताना कसा चटका बसतो, तसा मला बसला. माझ्या हातातला चिमटा तारेला टेकलेला. तार जळाली."

"एवढ्याशा चटक्याने?"

"तिला तेवढा पुष्कळ झाला. म्हणून तर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय आत यायचं नाही, असा नियम आहे."

"सरांना माहीत नाही?"

"त्यांनीच भिंतीवर लावलाय."

"मग सरळ सांगायचं, तुमच्यामुळे जळाली म्हणून."

"काल सांगणारच होते. 'सर, तार जळाली' एवढं म्हटलं आणि रडूच आलं."

"ते काय म्हणाले?"

"'खचू नकोस' म्हणाले, आणि पुन्हा पाठ थोपटली."

"थोपटू दे. आता जळायला काय उरलं होतं?"

"दुसरी. चिमटा माझ्या हातातच होता."