पाण्याच्या कडेला काडी

“हॅलो?… कोन?… जोरानं बोल वो, काही आयकू नाई येऊन राह्यलं… ज्योत्स्ना? माय वो, तू हायेस काय!”

देवळीच्या बाजारातल्या कापडदुकानामागच्या घरात सुलोचनाबाईंनी कणकेचा हात पदराला पुसला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. लेक, जावई आणि नऊ वर्षांचा नातू अंदमानला गेल्याला पाच दिवस झाले होते. पाचही दिवस बाईंना अन्न गोड लागलं नव्हतं. जन्मात त्यांनी समुद्र पाहिला तो टीव्हीवर, त्सुनामीच्या वेळी. तेवढ्यावरून त्यांचं समुद्राविषयी जे मत व्हायचं ते झालं होतं.

“हाव, हाव… जेवले काय तुम्ही?… नारळपानी म्हंजे जेवन होय काय!… कुठून बोलून राह्यली? रेतीवरून?… हसू नको. पान्यापासून दूर बस म्हनलं होतं ना तुले… बरं, शांत हाये. परातीतल्या पान्यासारखं. तू सांगशील अन् मी मानीन!… निकेश कुठी हाये? दे त्याले… पहाडीवर? अवं, समुद्रात पहाडी कुठून आली?… अस्सं, पान्यात उभा खडक. मंग गेले कसे बापलेक, डोंगीत बसून?… पायी पायी?… गुडघाभर बी नाई?… मंग बरं.”

बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. चैत्रात नदी ओलांडून पलीकडच्या टरबुजांच्या डांगरवाडीत जावं, तसे जावई गजेंद्रराव आणि निकेश शंख वेचायला गेले होते. उन्हाळ्यात उतरलेलं पाणी मृगाशिवाय परत येत नाही, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“खाऱ्या पान्यानं अंग खाजते म्हनते. गोड्या पान्यानं धुवून घेजो त्याले… काऊन हसली?… चपला? कोनाच्या?… वाहून गेल्या?… थांब. कुठी ठेवल्या होत्या तुनं?… कोरड्या रेतीत?… अन् तिथून वाहून गेल्या? ज्योत्स्ना, हसनं बंद कर.”

बाईंचं माहेर नदीकाठचं. पुराच्या दिवसांत वडील पाण्याच्या कडेला काडी रोवत आणि घडीघडीला पोरीला पाहायला धाडत. काडी पाण्यात गेली की आभाळ कितीही मोकळं असो, गुरं सोडायची आणि गावाबाहेरच्या टेकाडावर जायचं.

“अवं ऐक ना! एक काडी घे… कोनती बी. पान्याच्या कडेले रोव… लोकं हसतील तर हसू दे!… रोवली?… आता पाह्य… लाट जाऊ दे, मंग पाह्य… काय झालं? बोल ना!… पडली? एवढ्यात?… पोरी, पानी वाढून राह्यलं! ते नदी नोहे… पहाडीची वाट दिसते काय?… कशी दिसन!”

आपणच मघाशी “मंग बरं” म्हणालो, हे आठवून बाईंना स्वतःचीच चीड आली. पण आता चिडायलाही सवड नव्हती.

“आवाज दे त्याईले… नाई आयकू जात? ओढनी हालव… तू नको जाऊ! तुले पोहता येत नाई!… माही शपथ हाये तुले, पान्यात पाय नको टाकू!… नारळवाला हाये ना तिथी? त्याले धर. हाताले धरून ओढ. ‘मेरा बच्चा उधर है’ म्हन… समजलं त्याले? धावला?… हाव, देवमानूस हाये… डोंगी सोडली?… रडू नको. मले दिसत नाई ना पोरी, तू सांगत राय.”

रिसीव्हरमधून सूं सूं असा आवाज येत होता. हाच समुद्र, हे बाईंना कळलं आणि तो कानाशी धरवेना. पण धरला.

“पोचली?… परत फिरली?… किती झन दिसते डोंगीत?… दोघं? नारळवाला धरून दोघं?… लहान हाये का मोठा?… लहान. निकेश हाये. बरं… अन् जावईबापू?… डोंगीत जागा नोहती?… पोराले आधी देल्लं त्याईनं.”

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“घेतलं पोराले? छातीशी धर… डोंगी गेली परत?… त्याईले पानी कुठलोक हाये?… कमरेलोक… आता?… ज्योत्स्ना, आता कुठलोक?… हॅलो?… हॅलो!…”

लाइन गेली होती. लेकीच्या मोबाइलवर फिरवून पाहिलं, तर कुठलीतरी भलतीच बाई बोलली. सुलोचनाबाईंनी रिसीव्हर पुन्हा कानाशी घट्ट धरला. मग ध्यानात आलं की धरून बसलं तर फोन येणार कसा. तो खाली ठेवायला त्यांना जेवढं बळ लागलं, तेवढं उभ्या जन्मात कशाला लागलं नव्हतं. दुकानातून त्यांचे यजमान पुंडलिकराव डोकावले. तिकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “काही इचारू नका. नुसते बसा इथी.”

भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. फोन वाजला.

“हॅलो?… हॅलो, ज्योत्स्ना?… कोन?… जावईबापू?”

अकरा वर्षांत सासूजावयांनी एकमेकांशी ‘या’ आणि ‘बसा’ यापलीकडे बोलणं केलं नव्हतं. बाईंनी पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला आणि तो तसाच तोंडावर दाबला.

“नाई, नाई, ठेवू नका… तिले नका देऊ. तुम्हीच बोला… काही बी बोला. मी आयकून राह्यली.”