मर्दुनिये मरायला तयार नाही

...आणि पायजमा! अहो, पायजमा होता आमच्या जुन्या इराणी सैनिकांना, चांगला घोट्यापर्यंतचा पायजमा, वर लांब बाह्यांचा अंगरखा, डोक्याला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी, आणि उघड्या तंगड्यांनी कोण फिरत होतं तर ते ग्रीक! आणि परदेशी सिनेमात बघा, सगळं उलटं. आमचा माणूस उघडाबंब, अंगाला तेल, नाकात कडी, डोळे तांबडेलाल, जसा काही हमामातून थेट लढाईवर आलाय. अरे, तख्त-ए-जमशीदच्या त्या पडक्या राजवाड्याच्या भिंतीवर सगळं कोरून ठेवलंय, आमच्या मर्वदश्तहून सायकलवर जाता येतं, जा की, बघा की! पण नाही. तुम्हाला सांगतो, हे सिनेमे घरी बघताना मी इतका ओरडायचो की शेजारीण भिंतीवर ठोकायची. माझं मागणं काय होतं? मी एवढंच म्हटलं होतं की बाबांनो, जसं झालं तसं दाखवा.

आता मी पडलो शाळेत इतिहास शिकवणारा, मला कोण विचारतंय? तर विचारलं ना! तेहरानहून सूदाबे खानम आल्या, दिग्दर्शिका, डोळ्याला काळा चष्मा, बोलणं असं की पुढचं वाक्य मागच्याला ढकलतंय. "तुम्हीच ना ते कियूमर्स आगा, पेपरात सिनेमांना शिव्या देणारे? या मग. आपण खरा काढू. प्लाटिआची लढाई. तुम्ही सांगाल तसं." मी सांगेन तसं! मला वाटलं, देव पावला. देव असाच पावतो हो, आधी पेढा देतो, मग काठी.

कारण प्लाटिआची लढाई, अडीच हजार वर्षांपूर्वीची, आपण ग्रीकांकडून हरलो. सडकून हरलो. पण हरलो तर हरलो, मी म्हटलं, तेही अभिमानानं दाखवू, कारण त्या ग्रीकांच्याच माणसानं लिहून ठेवलंय की धीर आणि ताकद यांत इराणी कुठं कमी नव्हते, अंगावर चिलखत नव्हतं म्हणून मेले, नुसत्या हातांनी समोरचे भाले धरून मोडत होते. नुसत्या हातांनी! हे वर्गात शिकवताना माझा आवाज दरवेळी फाटतो, खोटं कशाला सांगू. तर आमचा सेनापती मर्दुनिये, तो पांढऱ्या घोड्यावर होता, आणि डोक्यात दगड बसून मेला. जुन्या पुस्तकात आहे. सूदाबे खानम म्हणाल्या, "तपकिरी घोडा चालेल का?" मी म्हणालो, नाही. पांढराच. जसं झालं तसं.

मर्वदश्तमध्ये पांढरा घोडा एकच. हाजी एस्फंदियार यांचा.

आता हे हाजी एस्फंदियार कोण, तर माहलकाचे वडील. आणि माहलका कोण, तर... आता काय सांगू. शाळेच्या ग्रंथालयात असते, माझ्या हातून पुस्तक घेताना वर बघत नाही आणि मी दाराबाहेर गेलो की बघते. आमच्या घरच्यांनी मागणी घातली होती, तिनं चहा आणला होता, आणि हाजी-आगांनी खडीसाखर दातांत धरून, चहा संपवून, मिशा पुसून म्हटलं होतं, "बघू." बघू! आणि हेच "बघू" त्यांनी टायरच्या दुकानवाल्या बीजनलाही म्हटलं होतं, ज्याचे खांदे माझ्या कपाटाएवढे आहेत. म्हणजे गावात दोन उमेदवार आणि वर दोन "बघू", असा माझा संसार लटकलेला.

घोडा मागायला गेलो. हाजी-आगा म्हणाले, "घोडा तुमचाच आहे, घेऊन जा." मी म्हणालो, नाही नाही, कसं शक्य आहे. ते म्हणाले, "शप्पथ आहे." मी म्हणालो, लाजवू नका. हा आमचा तारुफ, तुम्हाला माहीतच आहे, देणारा देत नाही, घेणारा घेत नाही, आणि दोघं घाम पुसत बसतात. शेवटी ठरलं काय, तर घोडा येईल, पण हाजी-आगांसकट. ते दुसऱ्या कुणाला वर बसू देणार नाहीत. सूदाबे खानमनी त्यांच्या मिशा बघितल्या आणि टाळी वाजवली, "हाच मर्दुनिये!"

मेलो मी तिथंच.

शूटिंगच्या दिवशी हाजी-आगांचा अख्खा गोतावळा मैदानावर. सतरंज्या, चहाचे समोवर, कलिंगडं, आत्या, मावश्या, सगळ्यात मागं माहलका. ग्रीक व्हायला गावातला कुणी तयार नव्हता, म्हणून बस भरून शिराझची माणसं आणलेली. गावातून एकटा बीजन ग्रीक झाला, स्वखुशीनं, आणि खांदे बघून खानमनी त्यालाच दगड मारणारा स्पार्टन केला. दुपारपर्यंत छान चाललं, हाजी-आगा घोड्यावरून इकडून तिकडे, आत्या टाळ्या पिटतायत... आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की आता तुम्ही मरणार आहात.

"कोण मरणार?"

"आपण, हाजी-आगा."

"कशानं?"

"दगडानं."

"दगडानं काय कुत्रा मारायचाय? आणि मारणार कोण?"

बीजननं हात वर केला.

हाजी-आगा घोड्यावरून उतरले, तंबूत गेले, पडदा ओढून घेतला. बाहेर सगळं लष्कर उन्हात. सूर्य डोंगराकडे निघालेला, मैदानाची परवानगी त्या दिवशी संपणार होती, सूदाबे खानम माझ्या कानाशी, "मास्तर, पांढरा घोडा तुम्ही मागितलात. दगडही तुम्हीच काढलात. आता मर्दुनियेला मारा, नाहीतर सिनेमा मेला." मी म्हणालो, खानम, तलवार चालेल का? बघा, कसा बदललो! त्या म्हणाल्या, "का हो? जसं झालं तसं दाखवायचं ना?"

काय करणार? गेलो तंबूत. हाजी-आगा खुर्चीत, काठीवर दोन्ही हात, नजर जमिनीकडे. यांना मरायला लावलं तर माहलका गेली, आणि नाही लावलं तर आयुष्यभर ज्या खोटेपणावर ओरडलो तोच माझ्या नावावर छापून येणार. मी म्हणालो, हाजी-आगा, हा नुसता सिनेमा आहे. ते म्हणाले, "माझ्या सख्ख्या बहिणी बाहेर बसल्यात. त्यांच्यासमोर मी टायरवाल्याच्या हातून पडू?" मी म्हणालो, मर्दुनिये वीर होता. "मग त्याला जिंकू दे." मी म्हणालो, इतिहासात तसं नाही. "कुणाच्या इतिहासात? त्यांच्याच ना?" माणूस अडला की जे बोलतो तेच मी बोललो, जे आपण भाजीवाल्यालाही म्हणतो, फोन ठेवतानाही म्हणतो... मी म्हणालो, "हाजी-आगा, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन. तुमच्या जागी मी मरेन."

आता रीत काय आहे? समोरच्यानं म्हणायचं असतं, "देव न करो." आपण पुन्हा म्हणायचं. त्यानं पुन्हा नाही म्हणायचं. हाजी एस्फंदियार यांनी जन्मात पहिल्यांदा तारुफ केला नाही. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मर."

पाव तासात मी मर्दुनिये! चष्मा काढून घेतला, त्यांच्या मापाचा अंगरखा पिना लावून मागून आवळला, मिशा चिकटवल्या. पायजमा मात्र बरोबर होता, तेवढं समाधान. घोड्यानं मला वास घेऊन बघितलं आणि त्याला मी आवडलो नाही. समोर चष्म्याविना सगळं पुसट, त्यात बीजनचे खांदे मात्र स्वच्छ. खानमनी त्याला रंगवलेला स्पंजाचा दगड दिला होता, पण मैदानात खरे दगड काय थोडे होते? त्याच्या हातात काय आहे ते मला दिसत नव्हतं. माहलकाचं लग्न कुणाशी होणार ते ठरवायला त्याला नुसता खाली वाकायचा अवकाश होता. मी मनात म्हणालो, कियूमर्स, तूच म्हणाला होतास ना...

सुरू झालं. आमची पोरं वेताच्या ढाली घेऊन धावली, नुसत्या हातांनी भाले धरले, अगदी मी शिकवलं तसे, एकेक जण मातीत पडला, आणि खरं सांगतो, मला हुंदका आला, भीती पार विसरलो. नेमका तेव्हा बीजननं हात फिरवला. डोळ्यांसमोर काहीतरी आलं, कपाळाला टपकन लागलं, मऊ, स्पंजच होता हो, बिचारा प्रामाणिक निघाला. पण घोड्याला कोण सांगणार? तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि मी पाठीवर दाणकन! श्वास अडकला, हात हलेना, पाय हलेना.

तेवढ्यात माणसांच्या मागून एक किंकाळी. "कियूमर्स!" नुसतं कियूमर्स. आगा नाही, मास्तर नाही, साऱ्या आत्यांदेखत.

मी पडल्या पडल्या डोळे किलकिले केले. हाजी-आगा लेकीकडे बघतायत. मग माझ्याकडे. मग लेकीकडे. आणि मग ती काठी वर गेली आणि तो आवाज, पार तख्त-ए-जमशीदपर्यंत गेला असेल, "उठा रे! आपला जावई पाडला त्यांनी!"

जावई! ऐकलंत ना? अख्ख्या गोतावळ्यासमोर, परत घेता येत नाही असा शब्द!

आणि मग काय विचारता, मेलेलं लष्कर उठलं की हो! मघाशी मेलेला खाटीक, मेलेला न्हावी, सगळे ताडकन उभे, पुढं हाजी-आगा काठी घेऊन, मागं आत्या कलिंगडाच्या साली घेऊन. स्पार्टाचं सैन्य ढाली टाकून पळालं, बसमध्ये शिरलं, आतून दार लावून घेतलं, आणि बीजन खिडकीतून ओरडतोय, "स्पंज होता, स्पंज!" कॅमेरा चालूच. सूर्य बुडाला तरी सूदाबे खानम थांब म्हणेनात. मला तेव्हा उठून सांगायला हवं होतं की थांबा, इथं आपण हरतो. हरायलाच हवं होतं, मीच तर म्हटलं होतं, जसं झालं तसं दाखवा. पण तुम्हीच सांगा, मर्दुनिये मेला होता. मेलेला माणूस बोलला असता तर ते इतिहासाला धरून झालं असतं का?

खानमनी तोच तुकडा ठेवला. दुसरा घ्यायला उजेडही नव्हता आणि शिराझकर बसमधून उतरायला तयार नव्हते. पडद्यावर इराण प्लाटिआला दणदणीत जिंकतं आणि खाली ठळक अक्षरांत येतं, ऐतिहासिक सल्लागार, कियूमर्स. आता पेपरात दुसरे लोक मला शिव्या देतात. वाचतो मी. बरोबर लिहितात हो, एकेक शब्द बरोबर.

लग्न झालं. आमच्याकडे रीत आहे, लग्न कबूल आहे का असं विचारलं की नवरी पहिल्या दोन वेळा गप्प बसते, बायका म्हणतात फुलं तोडायला गेलीय, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हो म्हणते. माहलका तशीच बसली, मान खाली. तेवढ्यात सासरे माझ्याकडे वळले आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, तुम्ही इतिहासवाले. सांगा बरं या लोकांना, प्लाटिआला कोण जिंकलं?"

मी म्हणालो, "आपण!" त्यांना मला एकदाच विचारावं लागलं.