चंचीतलं पिस्तूल

आमच्या मायनं उभ्या जन्मात एक गोळी झाडली न्हाई, पण पिस्तूल तिच्याएवढं कुणालाच कळलं न्हाई. रझाकारांचे दिवस होते. डोंगरकडा गावातल्या आपल्या माणसांना पिस्तूल पोचवायचं ठरलं. पैसे एकापुरतेच. काका हट्टा गावाला गेला आन् तिथल्या तीन पिस्तुलांतलं सगळ्यात लहान घेऊन आला. जुनंच, पण त्याच्या मुठीत गोळ्यांची डबी सरकवली की एकामागून एक सात बार!

"हेच काहून घेतलं?" मायनं विचारलं.

"वैनी, हे माझ्या चंचीत बराबर बसते." काकानं कमरेची पानतंबाखूची चंची थोपटली. "कुणाला पत्ता लागणार न्हाई."

माय भाकरी थापून राहिली होती. हात न थांबवता म्हणाली, "भावजी, मिसरीला जरा तंबाखू द्या."

काकाचा हात सवयीनं कमरेला गेला, चंची उघडली आन् पिस्तूल सगळ्यांसमोर!

"वाटंतल्या नाक्यावरचा शिपाई बी तंबाखूच मागंल," माय म्हणाली.

मायनं पिस्तूल उचललं, लुगड्याच्या ओटीत ठेवलं, वरून गहू आन् नारळ. "सवाशिणीच्या भरल्या ओटीला कोण हात लावते?"

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. नाक्यावर शिपाई आडवा आला. मायची भरली ओटी बघून बाजूला सरकला आन् काकाला म्हणाला, "पाटील, तंबाखू हाय का?"

काकानं चंची दोन्ही हातांनी दाबून धरली. माय निवांत म्हणाली, "भावजी, अख्खी चंचीच देऊन टाका त्यांना."