कारणाचा रकाना

मास्तरीण: आधी तोंडातल्या टाचण्या काढा वन्सं, मग बोला. ओठ मिटून पुटपुटलात तर मला काय कळणार?

वन्सं: हात वर कर म्हटलं. काखेत घट्ट होतंय का बघते. आणि म्हण पुढचं, थांबू नकोस. संमेलनाला पंधरा दिवस राहिलेत.

(शिवणाची खोली, दुपार. नवं जाकीट अंगावर घालून बघणारी गणिताची शिक्षिका आहे; ते बेतणारी तिची थोरली नणंद. कापायच्या टेबलावर लॅपटॉप उघडा.)

मास्तरीण: कुठवर आले होते मी?

वन्सं: ‘सन्माननीय शिक्षकहो’पर्यंत. तीनदा.

मास्तरीण: हं. “सन्माननीय शिक्षकहो, मुलांनी गणित पूर्ण वाक्यात मांडावं, या हेतूनं तीन वर्षांपूर्वी मी वर्गात एक प्रयोग सुरू केला. मूल छोटा माइक हातात घेतं, गणित कसं सोडवलं ते बोलून सांगतं, आणि त्याचे शब्द फळ्याशेजारच्या पडद्यावर आपोआप उमटतात...”

वन्सं: थांब. इथं चुणी पडली.

मास्तरीण: पाठीला?

वन्सं: भाषणाला. ‘या हेतूनं’ म्हणे. तुझा हेतू होता की पोरं काय बोलतात ते तुला कळावं. कारण तुला ऐकू येत नाही.

मास्तरीण: हळू बोला हो. बाहेर गिऱ्हाईक बसलंय.

वन्सं: हळू बोलले तर तुला कळेल?

मास्तरीण: झाकली मूठ सव्वा लाखाची, वन्सं. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या भावाला माहीत आहे, तेवढं पुरे. केसांखालचं मशीन शाळेत कुणाला दिसलेलं नाही. दिसलं तर मला ग्रंथालयात बसवतील, पुस्तकांना नंबर घालायला. बाईंना तिथं शांतता मिळेल, म्हणतील. आणि अगदी गोड बोलून म्हणतील.

वन्सं: असं कुणाचं केलंय त्यांनी?

मास्तरीण: चित्रकलेच्या सरांचं. हात थरथरायला लागला, तर सहा महिन्यांत सर भांडारात. जाताना फुलं दिली.

वन्सं: मग जाऊच नकोस संमेलनाला. कळव, तब्येत बरी नाही.

मास्तरीण: जाऊ नको? अकरा वर्षं जातेय मी. वर्षभर पेपर तपासते, बाकांखालची शाई पुसून घेते, पालकांचं ऐकते...

वन्सं: ऐकतेस?

मास्तरीण: मान हलवते. तेवढंच हवं असतं त्यांना. पण हे सगळं करते ते त्या तीन दिवसांकडे डोळे लावून. तिथं कुणी विचारत नाही, तुमचा निकाल किती टक्के लागला. विचारतात, तुमच्याकडे हे कसं करता? एक बाई येतात, इस्पितळात पडलेल्या पोरांना फोनवरून भूगोल शिकवतात. सलाइन लावलेला हात तसाच ठेवून पोरं दुसऱ्या हाताच्या बोटानं पडद्यावरची नदी उगमापासून समुद्रापर्यंत नेतात. त्या बाईंचा फोन असा, की तुम्ही तो सुया ठेवायलासुद्धा वापरणार नाही. अशी माणसं बघितली की पुढचे दहा महिने निभतात.

वन्सं: आणि पहिल्या रांगेत बसून तू हे सगळं बघणार. लोक म्हणत असतील, काय अभ्यासू बाई आहे.

मास्तरीण: ओठ दिसतात म्हणून बसते. अभ्यासू आहे ते वेगळं.

वन्सं: तो अक्षरवाला मास्तर सांग ना परत.

मास्तरीण: शंभरदा ऐकलंय तुम्ही.

वन्सं: हाताला काम आहे, कानाला नाही. सांग.

मास्तरीण: भाषा शिकवणारे सर. अक्षरं पडद्यावर हळूहळू वळण घेत काढून दाखवायची, अशी काहीतरी सोय त्यांनी स्वतः शिकून तयार केली होती. मंचावर आले आणि पहिलंच वाक्य, “माझं अक्षर इतकं वाईट आहे की वर्गातली पोरं माझ्यासारखं लिहायला लागली होती.” सगळं सभागृह हसलं. मग असं गप्प झालं, की मलाही ती शांतता कळली. जेवणाच्या सुट्टीत लोक त्यांच्याभोवती, गुळाला मुंगळे तसे.

वन्सं: आणि त्यानं म्हटलं असतं, ‘मुलांचं हस्ताक्षर सुधारावं या हेतूनं’?

मास्तरीण: ...तर मी चहा प्यायला उठले असते.

वन्सं: बस. तेच म्हणते मी.

मास्तरीण: त्यांचं अक्षर वाईट, वन्सं. माझं काय झालंय ते वेगळं आहे.

वन्सं: बरं, ते राहू दे. भाषण पंधरा मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं, असं संमेलनाच्या पत्रात लिहिलंय. मागून कुणी उठून विचारलं तर काय करशील? एवढ्या लांबून ओठ दिसणार आहेत?

मास्तरीण: मी पंचवीसही मिनिटं बोलेन. घंटा वाजवली तर मला कुठं ऐकू येणार.

वन्सं: हसू नकोस, टाचणी लागेल. मला एक सांग, तुझे कान जाऊन किती वर्षं झाली?

मास्तरीण: झाली असतील पाच.

वन्सं: पडदा आणलास तीन वर्षांपूर्वी. मधली दोन वर्षं काय करत होतीस?

मास्तरीण: टोचलं.

वन्सं: काय टोचलं? हात लावला नाही मी अजून.

मास्तरीण: मागच्या दोन रांगांना विचारायचंच सोडून दिलं होतं मी. सारखं ‘काय? मोठ्यानं बोल’ म्हटलं की पोरं हसायची. मग मी पुढच्या चार रांगांबरोबरच गणित करायची. मागे बारा पोरं होती. खूश होती बिचारी, बाई त्रास देत नाहीत म्हणून. एक मुलगी होती, वर्षभर तिचा आवाज म्हणून आला नाही मला. वार्षिक परीक्षेत तिनं एका गणिताखाली वेगळीच रीत लिहिली. माझ्याहून सोपी. मी बोलावून विचारलं, अगं, ही वर्गात का नाही सांगितलीस? म्हणाली, सांगितली होती बाई. दोनदा.

वन्सं: रागावली होती?

मास्तरीण: तक्रार नव्हती तिची. नुसतं सांगितलं. त्या सुट्टीत मी माइक घेतला.

वन्सं: हे तू कधी बोलली नाहीस.

मास्तरीण: काय बोलणार? लोक म्हणतात बाईंनी नवीन तंत्र आणलं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, तुम्हीच कापून डब्यात ठेवल्यात.

वन्सं: बस त्या स्टुलावर. मी सांगते एक, भावाला सांगू नकोस. गेली दोन वर्षं मी काळं कापड घेत नाही.

मास्तरीण: ते काय, काळ्याची फॅशन गेली ना?

वन्सं: ते मी गिऱ्हाइकाला सांगते. काळ्यावर काळा दोरा दिसत नाही मला. परवा एक म्हातारी आली, बहीण गेली म्हणून दुखवट्याचा काळा झगा शिवायचा होता. तिलाही हेच सांगून वाटेला लावलं. तुझी ती पोरगी निघून गेली असती तर तुला कळलंही नसतं, कुणी विचारलंही नसतं. तरी तू एकटीनं पुस्तिका वाचून, त्या माइकशी महिनाभर झटापट करून तिला परत बोलती केलीस. मी काय केलं? म्हातारी परत पाठवली. मला यातला फरक कळतो ग. चाळीस वर्षं कात्री चालवतेय.

मास्तरीण: वन्सं, दिवा मोठा लावू या खोलीत. भिंग मिळतं, टेबलाला लावायचं...

वन्सं: माझं नंतर. शिकवणी सुरू करू नकोस लगेच. तिथं, त्या सभागृहात, तुझ्यासमोर असा पडदा नाही का ठेवता येणार? विचारणाऱ्याच्या हातात माइक द्यायचा, की त्याचा प्रश्न उमटला.

मास्तरीण: येतो. मागवावा लागतो. हा बघा अर्ज, आज पाचपर्यंत भरायचाय. ‘जादा पडदा हवा असल्यास कारण लिहा.’

वन्सं: मग लिही.

मास्तरीण: याची प्रत मुख्याध्यापकांना जाते. आपोआप.

वन्सं: हं.

मास्तरीण: ‘प्रात्यक्षिकासाठी’ असं लिहिते. खोटं नाही ते.

वन्सं: लिही की. तुझा अर्ज आहे.

मास्तरीण: तोंड का वाकडं केलंत?

वन्सं: टाचण्या आहेत तोंडात.

मास्तरीण: टाचण्या तुमच्या हातात आहेत.

वन्सं: काय खोडतेस आता?

मास्तरीण: थांबा जरा.

वन्सं: ...वाच. माझा चष्मा पलीकडे आहे.

मास्तरीण: ‘मला ऐकू कमी येतं. प्रश्न वाचून उत्तर देईन.’ एवढंच लिहिलंय. पुढे काही घालू का? ‘तरीही वर्गाचं नुकसान होत नाही’ वगैरे?

वन्सं: नको. कापड आत जास्त दाबलं की शिवण फुगते. पुरे आहे.

मास्तरीण: ग्रंथालयात बसवलं तर?

वन्सं: तर त्यांच्यापुढे जाऊन बोल. बोलायची सवय मोडली नाही तुझी, फक्त ऐकायची मोडलीय.

मास्तरीण: पाठवू?

वन्सं: मी हात धरलाय का?

मास्तरीण: गेलं.

वन्सं: गेलं?

मास्तरीण: गेलं, वन्सं. अर्ज पोचल्याची पावतीपण आली.

वन्सं: मिट तो लॅपटॉप. आता सोमवारी मुख्याध्यापकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. तोवर ऊठ, सरळ उभी राहा, जाकीट अर्धं राहिलंय. आणि पहिल्यापासून म्हण. हेतूबितू नको.

मास्तरीण: “सन्माननीय शिक्षकहो, माझ्या वर्गातल्या मागच्या दोन रांगा मला ऐकू येत नाहीत. गेल्या तीन वर्षांत माझं सगळ्यात जास्त बोलणं त्यांच्याशीच झालंय.”