पांढरी शाई आणि खंडेनवमी

पांढऱ्या शाईला सणवार कळत नाहीत, हे मी सासूबाईंना कसं पटवलं ते ऐका. आमचं सानपाड्याला बॅनर-स्टिकर छापायचं दुकान आहे. मोठ्या प्रिंटरमधली पांढरी शाई रोज हलवली नाही, तर खाली बसते आणि शाई फवारणाऱ्या हेडची बारीक भोकं बुजतात. गेल्या वर्षी खंडेनवमी-दसऱ्याला मी मशीनला हात लावला नाही आणि हेड कायमचं गेलं. यंदा मशीनवर झेंडूचा हार चढला, आरती झाली आणि मी सरळ शाईची बाटली हलवायला घेतली.

"बाय, आज हत्याराला हात लावाचा नाय!" सासूबाई ओरडल्या.

"आई, मी त्याला कामाला लावत नाहीये, त्याचे दात घासतेय. सणाला आपण दात घासत नाही का?"

मी चोरून ऑर्डर काढते की काय, म्हणून त्या समोरच खुर्ची टाकून बसल्या. मी हेड साफ केलं आणि काळ्या स्टिकरवर तपासणीच्या बारीक पांढऱ्या रेघा काढल्या; भोक बुजलेलं असेल, तर तिथली रेघ उमटत नाही. तो तुकडा माझ्याआधी त्यांनीच उचलला, चष्मा लावला आणि माझ्यापुढे धरला.

"मधले दोन दात दिसत नाय. परत घास!"