खिळ्यांखालचं नाणं

नॉर्फोकमधल्या संग्रहालयात, शेतात सापडलेल्या वस्तू नोंदवायच्या रांगेत, म्हातारा क्लिफर्ड शेतात मिळालेल्या जुन्या बकलांची डबी घेऊन उभा होता. पुढे धातू शोधायला त्याच्याकडेच शिकलेली त्याची शिष्या थेल्मा बहिणीशी बोलत होती. तो मागेच आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

“चांदीचं नाणं? त्या शेतात? क्लिफर्ड तर म्हणाला होता, तिथे नुसते खिळे उरलेत.”

“त्याचं धातुशोधक यंत्र खिळ्यांना गप्प बसवतं, ग्वेंडा. त्यांच्यासोबत खोलवरचं नाणंही गप्प होतं. मी सगळ्यांनाच बोलू दिलं.”

“कान किटले असतील!”

“किटले ना! तीन आठवडे. मग परवा कुजबुजल्यासारखं ऐकू आलं. यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, तरी आवाज तिथेच. खणलं, तर हात कोपरापर्यंत आत गेला.”

“बेकरीत काम करतेस म्हणून धातुशोधकांच्या क्लबातले ‘पाववाली’ म्हणत हसायचे तुला!”

“हसू देत. आज नोंद माझ्या नावावर होणार.”

“क्लिफर्डला सांगितलंस?”

“कसं सांगू? हळू चाल, कान दे, हे त्यानंच शिकवलं. त्याला लागेल गं.”

थेल्माची पाळी आली. ते किती खोल होतं हे ऐकून आणि नाणं बघून टेबलामागच्या बाई उठूनच उभ्या राहिल्या.

“आठशे वर्षांपूर्वीचं आहे! इतकं खोलवरचं ऐकायला कुणी शिकवलं तुम्हाला?”

थेल्मानं बहिणीकडे पाहिलं.

“मी,” मागून क्लिफर्ड म्हणाला. “आणि खिळ्यांचं तेवढं आता ती मला शिकवेल.”